गार चहाची कादंबरी

राहुरीतल्या आमच्या वाचक मंडळात पुढची कादंबरी हात वर करून ठरत नाही. सुचवणाऱ्याने चहा आल्यावर तिची मधलीच चार पानं वाचून दाखवायची. ज्या कादंबरीपायी सगळ्यांचा चहा गार होईल, ती घ्यायची.

परवा एका निवृत्त नर्सबाईंनी नवी कादंबरी आणली. तालुक्याच्या गावात ब्युटी पार्लर चालवणाऱ्या दोन जावांची गोष्ट. पार्लरवर कसली आलीय कादंबरी, असं मी तोंडावर बोललो. बाईंनी शांतपणे चष्मा लावला आणि पेशंटला गोळ्या समजावून सांगाव्यात तशा सरळ आवाजात वाचत गेल्या.

त्या थांबल्यावर मी कप उचलला. चहावर जाड साय आली होती. ती बाजूला सारत मी म्हणालो, “पुस्तक आधी मला द्या.”