भोयेचे हात

पूर ड्यूटीचा हुकूम आला तेव्हा आमच्या सेक्शनमध्ये भांडण चालू होतं. संध्याकाळचे सहा वाजले होते, गेम्स परेड नुकतीच संपली होती. विषय नेहमीचाच. आजवरचा सगळ्यात भारी विकेटकीपर कोण?

टीव्हीवरची मोठमोठी नावं निघायची. ती इथे लिहीत नाही, नाहीतर तुम्हीही पुढचं वाचायचं सोडून भांडत बसाल.

मी तेव्हा नायक होतो. समुद्रकाठच्या नवापूरच्या मच्छीमार घरातला, पालघरच्या कॉलेजात बी.ए. झालेला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी अजूनही सांगतो आणि सांगत राहणार. पलटणीला डिग्रीचं काही पडलेलं नव्हतं. होडी हाकता येते म्हणून सगळे मला तांडेल म्हणत.

सेक्शन कमांडर हवालदार जगताप साताऱ्याकडचे. जगातल्या पहिल्या दहा कीपरांची यादी त्यांना तोंडपाठ होती. कॅच किती, स्टंपिंग किती, यावरच ते माणूस मोजत.

लान्स नायक भोये माझा बडी. जव्हारच्या डोंगरातला, कंपनीच्या टीमचा कीपर. त्याचं माप वेगळं होतं.

"आवाज ऐकायचा," तो म्हणाला. "बॉल ग्लोव्हजात फाटकन वाजला म्हंजे हात कडक हाय. खऱ्या कीपरचा आवाज येत नाय."

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" जगतापांनी विचारलं.

"कौलांच्या."

त्याच्या पाड्यावर घर शाकारताना कौलं माणसांच्या रांगेतून फेकत फेकत वर चढवतात. गुडघे वाकवायचे, हात मागे घेत कौल पोटाशी आणायचं. हात ताठ राहिला, तर कौल फुटलं. भोये लहानपणापासून त्या रांगेत उभा राहिलेला.

"मग यादीत तुला कितवा धरू?"

"मला नको साहेब, माझ्या बापाला धरा."

"बाप अकरावा, तू बारावा. पाणी घेऊन पळशील."

सगळे हसले. भोये सगळ्यात जास्त हसला. मग शिट्टी वाजली आणि आम्ही सामान बांधायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोट पाण्यात होती. मागे इंजिनावर मी, पुढे भोये. जगताप वायरलेस सेट घेऊन पुलावर. दोन तासांत आम्ही एकोणीस माणसं काढली. काम रांगेला लागलं होतं.

दहा चाळीसला ते घर दिसलं. मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. वर एक म्हातारा, त्याची सून आणि तिच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल. अंगणाचं लोखंडी कुंपण पाण्याखाली होतं. बोट आठ फुटांपेक्षा जवळ जाईना. मी झाडाला दोर बांधला आणि इंजिन बंद केलं.

"टू अल्फा, सिच्युएशन बोलो. ओव्हर," बोटीतल्या सेटवर जगताप विचारत होते.

"तीन सिव्हिलियन, उसमें एक बच्चा. दीवार बैठ रही है. ओव्हर."

"दूसरी बोट बीस मिनट. ओव्हर."

ती भिंत वीस मिनिटं थांबणारी नव्हती. भोयेलाही ते दिसलं. तो मागे वळला.

"तांडेल, ह्या जाकेटात हात पोटाशी येत नाय."

पाण्यावर लाइफ जॅकेट काढायचं नाही, हा नियम. पण आमच्या नवापूरला माझ्या बापाने, चुलत्यांनी जन्मात कधी जॅकेट घातलं नव्हतं. मी म्हणालो, "काढ. झेललं की लगेच घाल." भोयेला पोहता येत नाही, हे मला माहीत होतं.

बाई मूल सोडेना.

"ताई, इकडं बघ. मी हाय ना," भोये म्हणाला.

"पडलं तर?"

"माज्या हातून पडत नाय."

तिने मूल फेकलं. भोयेचे गुडघे वाकले, हात मागे आले, मूल पोटाशी. मी चार हातांवर होतो. मला आवाज आला नाही. मूल रडलंसुद्धा नाही, डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत राहिलं.

त्याने मूल माझ्याकडे दिलं आणि जॅकेट उचलायला उभाच वळला. तेवढ्यात भिंत बसली. छप्पर पाण्यात आलं, लाट आली, बोट कुशीवर गेली. होडीत उभं राहायचं नसतं, हे डोंगरातल्या माणसाला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं.

सासरा-सून पत्रा धरून वाहत आले. मूल पायांत दाबून धरून मी दोघांना आत ओढलं. भोये दिसला नाही.

"टू अल्फा, रिपोर्ट. ओव्हर."

"तीनों सेफ. भोये मिसिंग. ओव्हर."



दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता भोये सापडला.

चौकशीत मी लिहून दिलं, जॅकेट काढायला मी सांगितलं. शिक्षा झाली, ती भोगली. पण त्याच्या घरी जाऊन सांगणं बाकी होतं. पुढच्या उन्हाळ्यात गेलो. भोयेचा बाप घर शाकारत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

म्हातारा म्हणाला, "तुला इचारून काढलं ना जाकेट? मंग तुला मानीत होता." मग रांगेतली एक मोकळी जागा दाखवली. "तिथं उबा राह. कौलं चढवायची हायत."

मी उभा राहिलो. माझ्या हातात प्रत्येक कौल वाजलं. दोन फुटली.

"पोटाशी घे, पोटाशी," म्हातारा वरून म्हणत होता.

आता मी निवृत्त आहे, बोईसरला राहतो. जगताप साहेब त्यांच्या गावी. मॅच असली की त्यांचा फोन येतो. यादी काढतात, आकडे सांगतात, मी खोडतो. तासभर भांडतो आम्ही. फक्त सुरुवात बदलली आहे. पूर ड्यूटीहून परतल्यानंतरच्या पहिल्या मॅचपासून बदलली, आणि त्यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललेलो नाही.

"बोला तांडेल," साहेब म्हणतात, "दोन नंबरला कोण?"