पडद्याअलीकडचा मेण्या

गाडीला मेण लावणं हे एक काम आहे, हे माझ्या धाकट्या भावाला जन्मभर लोकांना पटवून द्यावं लागलं. त्यात मीही आलेच. मी रसायनशास्त्र शिकले, तीस वर्षं शाळेत तेच शिकवलं, तरी मला आपलं वाटायचं की ही नुसती पुसापुशी. एकदा माझी गाडी त्याच्याकडे सकाळी नऊला सोडली आणि बाराला आणायला गेले, तर हा गृहस्थ अजून डाव्या दरवाजापाशीच.

"अरे, तीन तास झाले."

"ताई, तू गाडी चालवतेस की झाडाखाली पुरून ठेवतेस? चीक काय, डांबर काय, पाखरांनी तर नावं कोरलीत. ते न काढता मेण लावलं तर घाणीवर झाकण ठेवल्यासारखं होईल."

त्याने माझ्या हातात एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि धुतलेल्या टपावरून हात फिरवायला सांगितलं. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला. एकेक कण कळत होता. मी गप्प बसले. मी गप्प बसल्याचं त्याला फार अप्रूप वाटलं. पुढे वर्षभर सांगत होता सगळ्यांना.

मेण्या हे नाव धंद्यामुळे पडलेलं नाही. लहानपणी त्याला कोणी रागावलं की तो उलटून बोलायचा नाही, जागच्या जागी मऊ होऊन बसायचा. वडील म्हणायचे, हा मेणाचा आहे. धंदा नंतर आला, तो आमच्या मधल्या भावामुळे.

मधल्याला सगळे दादा म्हणतात. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण मीही दादाच म्हणते, कारण तो पाळण्यात असल्यापासून मोठ्या माणसासारखा कपाळाला आठ्या घालून आहे. दादा गाड्या रंगवतो. त्याची पत्र्याची लांबट शेड, मधोमध जाड प्लॅस्टिकचा पडदा. पलीकडे दादाचा रंग, अलीकडे मेण्याचं मेण. बावीस वर्षं हे असं चाललं.

दादाच्या शेडीत एकच कायदा होता, सिलिकॉन आत यायचं नाही. स्वस्तात चकाकी आणायची तर पॉलिशमध्ये ते घालतात. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याने जात नाही, हवेतून उडून कुठेही बसतं. ज्या पत्र्यावर त्याचा अंश असेल तिथे नवा रंग धरत नाही. ओला रंग तिथून मागे सरतो आणि गोल गोल खळगे पडतात. रंगारी म्हणतात, डोळे पडले. या डोळ्यांची दादाला एवढी धास्ती, की माझ्या भावजयीला हाताला क्रीम लावून शेडीत यायची बंदी होती. ती म्हणायची, "नवऱ्याला भेटायचं तर आधी हात धुवा. मी काय ऑपरेशन करायला येते?"

म्हणून मेण्या वापरायचा ते साधं, घट्ट, पिवळसर मेण. ताडासारख्या कुठल्याशा झाडाच्या पानांवरून खरवडून काढलेलं, पत्र्याच्या चपट्या डबीत मिळायचं. गिऱ्हाइकाने विचारलं, "कुठलं चांगलं?" की हा उलट विचारायचा, "गाडी उभी कुठे असते?" सावलीत उभी राहणारी, गडद रंगाची असली तर पिवळं मेण, रंग खोल दिसतो, पण दोन महिन्यांत उतरतं. दिवसभर उन्हात उभी राहणारी पांढरी असली तर कारखान्यात बनवलेला लेप, तोही सिलिकॉनशिवायचा. दिसायला थंड, पण सहा महिने टिकतो. आणि गाडी नुकती रंगवलेली असली तर तो सरळ परत पाठवायचा. "तीन महिन्यांनी या. रंग अजून आतून सुकतोय. वरून तोंड बंद केलं तर गुदमरेल." गिऱ्हाईक जायचं ते दुसरीकडे लावून घ्यायचं. दादा कपाळावर हात मारायचा.

काम मात्र बघावं त्याचं. पत्रा हाताला थंड लागल्याशिवाय डबी उघडायची नाही. मेण नखाएवढं, लावायचं सरळ रेषेत, गोल गोल नाही. मग थांबायचं. धुरकट झालं की एक बोट ओढून बघायचं; बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली तर पुसायचं, चिकट लागलं तर आणखी थांबायचं. फडकं खाली पडलं तर ते मेलं. धुऊनसुद्धा परत वापरायचं नाही, कारण वाळूचा एक कण राहिला तरी काळ्या गाडीवर जन्माचा ओरखडा.

त्याची बायको लग्नानंतर सहाव्या वर्षी गेली. मूलबाळ नाही. दोन वेळचं जेवण दादाच्या घरी, झोप शेडीच्या माळ्यावर, दिवस पडद्याअलीकडे. एवढंच त्याचं जग. तिथून उठवलं तर हा माणूस ठेवायचा कुठे, हा घोर आई जाताना माझ्या गळ्यात घालून गेली. मेण्यालाही तोच घोर होता, पण तो बोलायचा नाही.

मग चौकात धुलाईचं मोठं यंत्र आलं. गाडी एका तोंडाने आत, छतातून फेस, मेणाचा पाऊस, दहा मिनिटांत दुसऱ्या तोंडाने बाहेर. मेण्याकडे दिवसाला एक गाडी, कधी तीही नाही. एकदा जेवताना दादा म्हणाला, "अर्धी शेड अडलीय रे. तिथे मला रंगाची दुसरी जागा करता आली असती." एवढंच म्हणाला. मेण्याचा हात ताटातच थांबला, असं भावजयीने मला नंतर सांगितलं.

त्याच आठवड्यात तो माझ्याकडे एक फवाऱ्याची बाटली घेऊन आला. मारा आणि पुसा, झाली चकाकी. बाटलीवर सगळी परकी भाषा, मुंगीएवढी अक्षरं. याचं शिक्षण आठवीपर्यंत. मी बाहेर पडायच्या घाईत, एक चप्पल पायात, दुसरी शोधतेय.

"ताई, ह्यात सिलिकॉन नाही ना, तेवढं बघ."

"लिहिलंय की समोर. नैसर्गिक मेण, रंगाला सुरक्षित."

"मागंही बघ ना."

"मागे वापरायची पद्धत असते, मेण्या. तेवढी तुला माझ्याहून जास्त येते. सोड आता मला, उशीर होतोय."

"तू म्हणतेस म्हणजे झालं," असं म्हणून त्यानेच माझी दुसरी चप्पल कपाटाखालून काढून दिली.

दहा दिवस बरे गेले. दिवसाला चार-चार, पाच-पाच गाड्या. दादाने भावजयीला सांगितलं, "मेण्या सुधारला." हे मेण्याच्या कानावर आलं तेव्हा तो मला सांगायला चालत माझ्या घरी आला होता. या वयात.

अकराव्या दिवशी दादाने एका प्रवासी कंपनीची काळी गाडी रंगवली. ही गाडी पसंत पडली तर कंपनीच्या सगळ्याच गाड्या त्याच्याकडे यायच्या होत्या. बॉनेटवर रंग बसला आणि बघता बघता डोळे पडले. एक नाही, शंभर. दादाने सगळं घासून काढलं, पुन्हा रंगवलं. पुन्हा डोळे. जमीन धुतली, हवेच्या नळ्या बदलल्या, पडदा उतरवून धुतला, तिसऱ्यांदा रंगवलं. पुन्हा डोळे. फवारा पडद्याखालून गेला होता आणि शेडभर बसला होता. कंपनीने गाडी अर्धवट रंगवलेली उचलून नेली.

रविवारी मी गेले तर दादा बाकावर बसलेला, हातात ती बाटली. मेण्या अलीकडच्या भिंतीला टेकून उभा. मी बाटली घेतली, चष्मा लावला आणि मागची बाजू वाचली. चौथ्या ओळीत एक लांबलचक नाव होतं, शेवटी सिलॉक्सेन. सिलिकॉनचंच पाळण्यातलं नाव. मी हे मुलांना फळ्यावर लिहून शिकवलंय. ती ओळ वाचायला मला पाच सेकंद लागले.

"दादा, चूक माझी आहे," मी म्हटलं. "त्याने मला वाचायला आणून दिली होती. मी मागची बाजू बघितलीच नाही."

दादाने माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. "ताई, हे नको. लहानपणी त्याने काच फोडली तरी तूच फोडली म्हणायचीस."

"अरे, मी खरं सांगतेय."

"मेण्या, दाखवली होतीस हिला?"

मेण्याने पायाकडे बघत मान हलवली. "नाही. मी कुणालाच विचारलं नाही."

मला संताप आला. एवढा की त्याच्या थोबाडीत द्यावी. "खोटं बोलू नकोस," मी म्हटलं. पण दादाचं ठरलं होतं. रसायनशास्त्र शिकलेली बहीण बाटलीची मागची बाजू न बघता सोडून देईल, हे त्याच्या डोक्यात शिरेना. माझ्या हुशारीवर त्याचा जितका विश्वास, तितका माझ्या शब्दावर नव्हता.

"तुझ्या अंगाखांद्याला ते असणार," दादा मेण्याला म्हणाला. आवाज चढवला नाही. "कपड्यांना, केसांना, माळ्यावरच्या गादीला. तू इथे आहेस तोवर माझा रंग बसायचा नाही."

यात दादा दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या धंद्यात हे खरंच आहे.

मेण्याने एका पिशवीत सामान भरलं. मी त्याला घरी घेऊन आले आणि वाटेत हवं तेवढं बोलून घेतलं. "खरं का नाही सांगितलंस? मी दोन गोष्टी ऐकून घेतल्या असत्या."

"तुझं येणंजाणं बंद झालं असतं, ताई. मग दादाची खबर मला कोण सांगणार?"

आता तो चौकातल्या त्या यंत्राच्या दुसऱ्या तोंडाशी उभा असतो. गाड्या ओल्या बाहेर येतात, हा आरसे पुसतो. एवढंच काम माणसासाठी ठेवलंय. राहतो माझ्या मागच्या खोलीत. मी दर रविवारी दादाकडे जाते आणि दर वेळी तोच विषय काढते. दादा म्हणतो, "चहा घे." शेडीच्या दारावर त्याने पाटी लावलीय, पॉलिश केलेली गाडी विचारल्याशिवाय आत आणू नये. पडदा काढून टाकलाय. अलीकडेही आता रंगच आहे.

मध्यंतरी मेण्या नवे कपडे घालून, डोक्यावरून आंघोळ करून तिकडे गेला होता. भावजयीने रस्त्यावर येऊन विचारपूस केली. दादा आत होता, रंग फवारायची बंदूक हातात घेऊन; काम चालू असताना बाहेर येता येत नाही, असं त्याने आतूनच सांगितलं. ते खरंही असेल. मेण्या तासभर समोरच्या फुटपाथवर थांबला आणि परत आला.

"पुन्हा कशाला गेलास?" मी चिडून विचारलं.

"बघितलं जाऊन. पण बरोबर आहे त्याचं. खाली पडलेलं फडकं मी तरी परत वापरलंय का कधी?"

मी आता सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, औषधं, साबण, बिस्किटाचा पुडासुद्धा. काही उपयोग नाही त्याचा. मेण्या माझ्याकडे पुन्हा काही वाचायला आणत नाही.

काल सुट्टी होती, तर त्याने माझी गाडी सावलीत घेतली. वर्ष झालं, नजर अधू झाल्यापासून मी ती चालवत नाही. तरी त्याने धुतली, पिशवी घालून हात फिरवला, पिवळ्या मेणाची डबी उघडली. मी पायरीवर बसून बघत होते. टपावरचं मेण धुरकट झालं तसं त्याने बोट ओढलं, रेघ बघितली आणि थांबला.

"डबीत किती राहिलंय?" मी विचारलं.

"दोनदा पुरेल. हे मेण आता येत नाही म्हणे."

"मग रे?"

"मग काय. तुझी गाडी तरी कुठे जातेय?"

त्याने दुसरीकडे बोट ओढलं. अजून चिकट होतं. तो फडकं खांद्यावर टाकून उभा राहिला, आणि मी, जिला पाच सेकंद थांबणं जमलं नव्हतं, ती त्याच्याबरोबर ते सुकेपर्यंत बसून राहिले.