मिठाला मानवलेला पाय

आमच्या खाडीकाठच्या मिठागरांवर माणसाची परीक्षा पायावरून होई. दिवाळी सरली की मिठाच्या वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची. सगळे ओळीने उभे राहत आणि एका तालात पाय आपटत. खाऱ्या चिखलात टाचांच्या भेगा अशा चरचरत, की नवख्याच्या डोळ्यांतून पाणी येई. ज्याचे पाय चरचरायचे थांबले, त्याचा पाय मिठाला मानवला असं म्हणत आणि ओळीत पहिलं उभं राहण्याचा मान त्याला मिळे. माझ्या बाबांना तो मान मिळाला होता. त्याची फुशारकी मी शाळाभर मारली होती.

पुढे मी मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेलो; तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. तिथे मज्जातंतूंनी माझी मस्ती उतरवली. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जापेशी दाखवली, ती उपटलेल्या भाताच्या रोपासारखी दिसली: एकीकडे मुळांचा झुपका, दुसरीकडे लांब काडी. प्रोफेसर म्हणाले, पायाच्या अंगठ्याची खबर आणणारी पेशी पाठीच्या कण्याजवळ बसलेली असते आणि तिचा एकच धागा पार अंगठ्यापर्यंत पोचतो. शिवाय एका पेशीचा धागा दुसरीला चिकटत नाही. मध्ये बारीक फट असते, ती ओलांडून निरोप पुढे जातो. कसा जातो, असं मी विचारलं. "त्यावर अजून मोठमोठ्यांची भांडणं चालू आहेत," ते म्हणाले. म्हणजे भांडायचं त्यांनी आणि नापास व्हायचं आम्ही! त्या काचेकडे बघून बघून डोळे दुखले, पण दुखणं त्यात नेमकं कुठे असतं, मला ओ की ठो कळेना.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा वाफे तुडवणं चालू होतं. बाबा पहिले. त्यांनी उजवा पाय उचलला की चिखलावर लाल डाग उमटत होता. मी त्यांना बांधावर ओढून बसवलं. तळव्यात कालवाची शिंप रुतली होती, आजूबाजूचं मांस काळं पडलं होतं. त्यांना पत्ताच नव्हता. ओळीतला एक जण हसून म्हणाला, "पाय बग कसा पिकलाय! शिंपबी चावत न्हाय त्याला."

मी आईच्या गोधडीची सुई आणून त्यांच्या अंगठ्याला टोचली. काही नाही. बोटं हलवा म्हटलं, तर हलवली. तंतू मेला असेल तर बोटं हलतात कशी, आणि जिवंत असेल तर सुई लागत का नाही? पुष्कळ वेळाने आठवलं की खबर वर नेणारे धागे वेगळे आणि हुकूम खाली आणणारे वेगळे. बाबांचे हुकूम चालू होते, खबर बंद पडली होती. त्या बंद पडण्यालाच आम्ही गावभर मान देत होतो.

शिडाच्या मचव्यातून त्यांना मुंबईच्या इस्पितळात नेलं. लघवीत साखर सापडली. जन्मभर मीठ पिकवलेल्या माणसाला दुखणं आलं ते साखरेचं! त्याच साखरेनं तंतू वाळवले होते. काळेपणा घोट्याच्या वर चढला होता. पाय गुडघ्याखाली कापला नाही तर माणूस जाईल, असं मोठे डॉक्टर म्हणाले. बाबांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"दुकत न्हाय तं कापायचा कशाला?" बाबांनी विचारलं.

"बा, दुखत न्हाय म्हणूनच कापायचा."

माझं मलाच ते वाक्य वेड्यासारखं वाटलं. बाबा म्हणाले, "तू शिकलास. तू म्हनशील तसं."

पाय कापला. बाबा वाचले. मला इतका आनंद झाला की इस्पितळाच्या जिन्यावर बसून मी रडलो.

थोड्या दिवसांनी दुपारी भेटायला गेलो, तर आई खाटेच्या पायथ्याशी बसून रिकामी चादर चेपत होती. बाबांचा चेहरा पिळवटलेला होता.

"आंगठा दुकतो रं, बाला. लय दुकतो."

"डावा?"

"उजवा."

मी प्रोफेसरांकडे धावलो. तुटलेल्या धाग्यांची वरची टोकं जिवंत राहिली तर ती अजून जुन्याच पत्त्यावरून खबर देतात, असं काहीसं ते म्हणाले. पण इतकी वर्षं गप्प असलेला अंगठा नसल्यावर कसा बोलू लागला, ते त्यांनाही नीट सांगता येईना. परत आलो, तेव्हा बाबा माझीच वाट बघत होते. वेदनेतही त्यांच्या डोळ्यांत आशा होती.

"दुकत नव्हता म्हनून कापलास ना?" त्यांनी माझा हात धरला. "आता दुकतो. मंग लाव परत."