शाकारलेली पवनचक्की

चर्चमधली सकाळची मिस्सा चुकवून मी सांडोरहून निघाले. सून म्हणाली, "मम्मी, मे महिन्याच्या उन्हात बेटावर काय ठेवलंय?" हिरूने बोलावलं आहे, एवढंच सांगितलं. वाडीतली राजेळी केळी पिशवीत भरली आणि बस पकडली.

हिरू ही अर्नाळ्यासमोरच्या किल्ल्याच्या बेटावरची कोळीण. बाजारात माझ्या भाजीशेजारी ती मासळी विकायची. आम्ही रोज भांडायचो आणि एकमेकींच्या मालाची राखण करायचो. आगाशीपर्यंत वाड्या कमी आणि इमारती जास्त दिसल्या. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दांड्यांवर बोंबील वाळत होते. हिरूचा पुतण्या नामदेव, तांडेल (होडीचा प्रमुख), मला न्यायला आला होता. होडीत चढताना गुडघाभर पाण्यात माझी एक चप्पल लाटेने नेली.

"जाऊ दे मावशे, दर्याला बी काय तरी लागतं," तो म्हणाला.

"एका चपलेचं तो काय करणार? दुसरी पण घे म्हणावं," मी म्हटलं आणि तीही फेकली. समुद्र मला कधीच आवडला नाही.

बेटावर उतरलं की सगळ्यात आधी पवनचक्की दिसायची. माडांहून थोडी उंच, तीन पात्यांची. सामान एका संस्थेने दिलं, चौथरा गावाने बांधला. मासळी आली की होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा काढतात, तसा चक्कीचाही वाटा काढायचे. त्यातून तिची डागडुजी व्हायची. ती कोणा एकाची नव्हती, सगळ्यांची होती. तिच्या विजेवर बायकांची मासळी थंड ठेवायची मोठी पेटी चालायची. पेटी होती म्हणून हिरू मासळी राखून बाजारात आणायची. नाहीतर होडी लागली की व्यापारी सांगेल त्या भावात द्यावी लागते. लाइनची वीज बेटावर आहे, पण पेटीला धंद्याच्या दराचं बिल लागतं. ते या बायकांना झेपत नाही.

आता चक्कीच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. नव्या द्यायच्या की चक्की काढून न्यायची, हे ठरवायला त्या दिवशी संस्थेचे साहेब येणार होते. म्हणून हिरूने बोलावलं. "तू तोंडाची फटकल हाय. बाजारात पेटीचा काय उपेग व्हतो ते सांग त्याला."

आधी तिने बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. तिखट जास्त होतं. मी सांगितलं, ती म्हणाली, "मग पानी पी."

साहेब तरुण होता, बोलायला चांगला. त्याने मीटरवरची महिन्यांची नोंद पाहिली, पेटी उघडून पाहिली. मी बाजाराचं सांगितलं, तेही नीट ऐकलं. मग विचारलं, "पावसाळ्यात वीज काहीच दिसत नाही. बिघाड झाला होता का?"

"बिगाड कशाला व्हईल?" हिरू अभिमानाने म्हणाली. "पावसात आमी शाकारतो ना तिला!"

शाकारणं म्हणजे पावसाळ्याआधी होडी वर ओढून झावळ्यांनी झाकून ठेवणं. चक्कीचंही तसंच करायचे. पाती उतरवायची, गुंडाळून बांधायची, नारळी पौर्णिमेला हार घालून पुन्हा चढवायची.

"दर वर्षी?"

"दर वर्सी. व्हडी काय एक वर्स शाकारतो नि एक वर्स सोडतो?"

साहेबाने मीटरकडे पुन्हा पाहिलं. मग हळू म्हणाला, "मावशी, खरा वारा तर त्याच महिन्यांत असतो."

"मासलीच नाय तवा, तर पेटीला वीज कशाला?" नामदेव म्हणाला.

"घरात दिवे लागले असते. पावसात लाइन जाते ना तुमची?"

जाते. कित्येकदा दिवसचे दिवस येत नाही.

"यंदा नाय शाकारत," हिरू म्हणाली. "फिरवून दाखवतो. पावसात या बगायला."

साहेबाने मान हलवली. वर्षभरात वीज किती झाली त्यावरच नव्या बॅटऱ्या द्यायच्या, असा नियम आहे, योजना याच महिन्यात बंद होते आहे, पुढचा पैसा सौर पॅनेलला. त्याच्या हातात नव्हतं, हे मला पटलं.

पण एक विचारलं. "इतकी वर्षं तुमची माणसं येत होती. त्यांनी नाही सांगितलं?"

"आम्ही दिवाळीनंतरच येतो. पावसात होडी बंद असते."

म्हणजे जो आला त्याने फिरती चक्की पाहिली, चहा घेतला, फोटो काढला आणि गेला.

परतताना नामदेवने विचारलं, "काकी, पाती उतरवू का? व्हड्या वर घ्यायची येल झाली."

"हात नको लावू," हिरू म्हणाली. "नेतील तेच उतरवतील."

मी अनवाणीच होडीत बसले. वारा वाढला होता आणि चक्की जोरात फिरत होती. बॅटऱ्यांत मात्र त्यातलं काही साठत नव्हतं.

या गोष्टीत वाईट कोणीच वागलं नाही. कोळ्यांनी आपली वस्तू आपल्या होडीसारखी जपली. साहेबाने नियम पाळला. राग कोणावर काढावा ते मला अजून कळलेलं नाही. पाऊस लागायच्या आत चक्की काढून नेली. होड्या पुन्हा सुरू झाल्या, तशी हिरूची मासळी किनाऱ्यावरच व्यापाऱ्याला जाऊ लागली. बाजारात तिच्या जागेवर आता एक जण प्लास्टिकचे डबे विकतो. तो भांडत नाही.