अर्नाळ्याच्या होडीवरचा उजेड

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग नियंत्रण रेषेवरच्या एका चौकीवर होतं. सेक्शन कमांडर हवालदार दत्ता शेळके. पॅरा फ्लेअर, म्हणजे छत्रीला लटकून खाली येणारा उजेडाचा गोळा, वर गेला की काय करायचं ते त्यांनी आमच्याकडून रोज घोकून घेतलं. हलायचं नाही. नेम धरायचा उजवा डोळा मिटायचा. उजेड विझला की तोच उघडायचा, कारण अंधारात तोच बघतो.

एका रात्री फ्लेअर फुटला आणि एक जवान दचकून उठला. शेळक्यांनी त्याला खाली ओढलं. तो वाचला. गोळी शेळक्यांना लागली.

निवृत्तीनंतर मी अर्नाळ्याजवळ बोळिंजला राहायला आलो. गेल्या ऑक्टोबरात अर्नाळ्याच्या किल्ल्यावर, समोरच्या बेटावर, एका माजी सैनिकाच्या पेन्शनचं काम उरकून शेवटच्या होडीने परतत होतो. अंधार पडला होता. होडीत पाच उतारू, सुकाणूवर पास्कल. माझ्यासमोर मोनिकाबाय, मासळी विकून थकलेली, मांडीवर रिकामी टोपली.

अर्ध्या वाटेवर आकाश पेटलं. हिरवट पांढरा गोळा उत्तरेकडून आला. पाण्यावर होडीची सावली पडली. मी गोठलो, उजवा डोळा मिटला. बाकीचे बघायला उभे राहिले. गोळ्याचे तुकडे झाले आणि विझले. होडी कलंडली, सावरली. मोनिकाबायची जागा रिकामी होती.

"मावशी!" पास्कल ओरडला. "सायेब, कायपन दिसत नाय. डोले दिपले."

"सगळे खाली बसा. इंजिन बंद."

उजवा डोळा उघडला. डावीकडे, खडकांच्या बाजूला, पांढरा अंबाडा वरखाली होत होता.

"दोरी."

पहिली फेक चुकली. अंबाडा बुडाला. वर आला.

"बाय, हात वर कर."

दुसरी फेक तिच्या खांद्यावर पडली. तिने धरली.

"आता मोठा आवाज होईल. कोणी उठायचं नाही," मी म्हणालो. तो गोळा काय होता ते मला ठाऊक नव्हतं. पण उजेडामागून धमाका येतो, ही सवय. आम्ही तिला ओढत असतानाच तोफेसारखा आवाज झाला. होडी हादरली. कोणी उठलं नाही.

मोनिकाबाय खोकली, पाणी ओकली. मग म्हणाली, "माजी टोपली कुटंय?"

"टोपली गेली किल्ल्यावर परत," पास्कल म्हणाला. "तू आलीस तेवढा पुरे." त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं. "सायेब, तुमालाच कसा दिसला?"

मी डोळ्याचं सांगितलं.

"कोनी शिकवला?" मोनिकाबायने विचारलं.

"हवालदार शेळके."

"त्याला पापलेट पाठवते. कुटं ऱ्हातो?"

"ते नाहीत, बाय."

किनाऱ्यावर उतरताना तिने विचारलं, "त्याचा पूर्ण नाव काय?"

तो गोळा म्हणजे उल्का होती, हे मला दुसऱ्या दिवशी बातम्यांतून कळलं.

नोव्हेंबरात ऑल सोल्स डेला, ख्रिस्ती लोकांच्या मृतस्मरणाच्या दिवशी, पास्कलचा फोन आला. मी गेलो. दफनभूमीत मोनिकाबायच्या नवऱ्याच्या कबरीवर दोन मेणबत्त्या होत्या.

"एक याची," ती म्हणाली. "दुसरी दत्ता शेल्केची."

वारा होता. तिने ज्योतींभोवती ओंजळ धरली. मी सावधानमध्ये उभा राहिलो.