एदुविखेसची तक्रार

चिंबोतेच्या बंदरामागे आमची गल्ली. एदुविखेस माझी शेजारीण, शिवणकाम करायची. दुकानात गेली की तिचा आवाज इतका खाली जायचा की बटणं मागितली तरी दुकानदाराला वाकून ऐकावं लागे. नवरा निकानोर. मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्यात त्याचा जन्म गेला आणि छातीचं खोकं झालं. डॉक्टरांनी घरी प्राणवायूचं यंत्र ठेवायला सांगितलं. तिने मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात आगाऊ पैसे भरून ते मागवलं. आठवड्यात देतो म्हणाले, महिना उलटला.

तोवर भाड्याचा सिलिंडर. त्याच्या काट्यावर एक डोळा ठेवूनच ती स्वयंपाक करायची. फोन केला की एकच उत्तर, "लिमाहून निघालंय, सेन्योरा." पुढे तर फोनच उचलेनात.

"तक्रार कर," मी म्हटलं.

"आणि चिडून मुद्दाम अडवून ठेवलं तर? मरेल गं तो."

आतून निकानोर म्हणाला, "मरायच्या आधी कळवीन तुला." स्वतःच हसला आणि हसता हसता त्याचे ओठ निळे पडले. तिने पावती उचलली.

मी दुकानात सोबत गेले. तिने तक्रारवही मागितली. ती कायद्याने दर दुकानात ठेवावीच लागते, भिंतीवर तशी पाटीही होती.

"साहेबांच्या कपाटात आहे, उद्या या," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"थांबते मी." ती काउंटरपाशीच उभी राहिली.

तेवढ्यात साहेबच वही घेऊन आतून आले. "लिहा हवं तर. पण मग प्रकरण वकिलाकडे जातं, सेन्योरा. माल कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही."

ती पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता ही फिरते माघारी. तिने पेन उचललं. शिवी नाही, रडगाणं नाही. काय मागवलं, कधी, कबूल काय केलं होतं, सिलिंडरमध्ये किती उरलंय. आणि मागणी एकच: उद्यापर्यंत यंत्र, नाहीतर ते येईपर्यंत वापरायला दुसरं. खाली सही करून आपली प्रत मागून घेतली.

घरी येऊन ती ओकली. "मीच मारलं त्याला," एवढंच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी काटा लाल पट्ट्यात गेला, दुकानातून निरोप नाही. निकानोरपाशी मला बसवून ती प्रत घेऊन ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी प्रत वाचली आणि तिच्यासमोरच दुकानाला फोन लावला.

दुपारी गाडी आली. दुकानाच्या काचेमागे मांडलेलं यंत्रच काढून पाठवलं होतं, वर धूळ तशीच. ते सुरू झालं, तरी संध्याकाळपर्यंत तिने निकानोरच्या छातीवरचा हात काढला नाही.

निकानोर पुढे दोन हिवाळे काढून गेला. आता गल्लीत कुणाचा माल अडला की लोक एदुविखेसला बोलावतात. ती जाते. वाटेत माझा हात इतका घट्ट धरते की बोटांना रग लागते.