वाढवलेला लोड

आमच्या जुन्या व्यापारी इमारतीत वीज बेताची होती. माझं झेरॉक्स मशीन आणि शेजारी शिवणकाम करणाऱ्या मावशींची इस्त्री एकदम चालली, की मजल्याचा फ्यूज उडायचा. म्हणून मशीन सुरू करण्याआधी मी भिंतीपलीकडे हाक द्यायचो, "मावशी, लावू का?"

"थांबा हो भाऊ, कॉलर राहिलीय. तुमची गिऱ्हाइकं काय पळून चालली?"

त्या थांबण्याचा मला वैताग यायचा. लोड वाढवून घ्या म्हणून सगळ्यांच्या मागे मीच लागलो होतो. शेवटी नवी जाड केबल आली, गाळ्यागाळ्याला वेगळं मीटर बसलं. आता मशीन हवं तेव्हा चालतं. एखादी गोष्ट मुबलक झाली की आपण एकमेकांना विचारणं सोडतो, आणि ते सुटलं हे कळतही नाही.

काल चहावाला म्हणाला, "मावशींना दवाखान्यात ठेवून बरेच दिवस झाले. तुम्हाला माहीत नाही? भिंतीला भिंत तुमची."

मी मशीन बंद केलं आणि दवाखान्यात गेलो. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं. मला ते सांगता आलं नाही.